सेप्सिस ओळखणारं अ‍ॅप शोधताय? आधी फोनमधलं स्टॉपवॉच उघडा

मागच्या वर्षी बाबांचं ऑपरेशन झालं, तेव्हा रात्री त्यांच्याजवळ मी थांबायचो. दुसऱ्या रात्री ते असंबद्ध बोलायला लागले. मध्येच "गाडी लागली का रे?" असं विचारत होते. अंगाला हात लावून बघितला, ताप नव्हता. म्हटलं, गुंगी असेल, आणि परत रील्स बघत बसलो. शेवटी शेजारच्या बेडजवळच्या मावशी म्हणाल्या, "अरे, श्वास बघ त्यांचा केवढा भरभर चाललाय. सिस्टरला बोलव आधी."

सिस्टरनी मोजला तर मिनिटाला २६. लघवीच्या नळीतून इन्फेक्शन झालं होतं आणि त्याचं सेप्सिस होत होतं. अँटिबायोटिक आणि सलाइन वेळेत सुरू झालं, बाबा बरे झाले.

सेप्सिस म्हणजे नुसतं इन्फेक्शन नाही. इन्फेक्शनशी लढताना शरीराचा प्रतिसाद इतका बिघडतो की किडनी, फुप्फुसं, मेंदू अशा स्वतःच्याच अवयवांना इजा होते. ताप असतोच असं नाही, वयस्कर माणसांचं अंग उलट गार पडू शकतं.

घरी आल्यावर इंजिनिअरच्या सवयीने शोधलं की हे आधीच ओळखणारं सॉफ्टवेअर आहे का. आहे. अमेरिकेत एपिक कंपनीचं असं मॉडेल शेकडो हॉस्पिटलांत बसवलं होतं. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ते ३८,४५५ अ‍ॅडमिशनवर तपासलं आणि २०२१ मध्ये निकाल छापला. सेप्सिस झालेल्या २,५५२ केसेसपैकी १,७०९ त्याने पकडल्याच नाहीत, म्हणजे ६७ टक्के. आणि तरीही एकूण अ‍ॅडमिशनपैकी १८ टक्क्यांमध्ये अलर्ट वाजवला! ज्याच्या फोनवर दिवसभर फालतू नोटिफिकेशन येतात त्याला यातली गोची लगेच कळेल. पुढे कंपनीने मॉडेल बदललं, इतरांची चांगली मॉडेल्सही आली. पण बेडवर नोंदलंच नाही ते कुठल्याच मॉडेलला दिसत नाही.

त्यापेक्षा मला ब्रिटनमधला साधा हिशोब आवडला. तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा 'न्यूज-२' हा स्कोअर आहे. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध आणि तापमान बघून गुण द्यायचे, बाहेरून ऑक्सिजन चालू असेल तर त्याचे वेगळे. मिनिटाला १२ ते २० श्वास असतील तर ०, २१ ते २४ ला २, आणि २५ किंवा जास्त असतील तर ३. माणूस नव्याने गोंधळल्यासारखा वागायला लागला की त्याचेही ३. बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने येऊन बघायचं. बाबांचं गणित करा: श्वासाचे ३, गोंधळाचे ३, झाले ६. बाकी सगळं नॉर्मल धरलं तरी! आणि या दोन्ही गोष्टी मला मशीनशिवाय दिसत होत्या.

श्वास मोजायची एक युक्ती आहे. पेशंटला सांगायचं नाही, नाहीतर तो श्वास बदलतो. नाडी बघतोय असा मनगटाला हात धरा, छाती किंवा पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण ६० सेकंद मोजा. वेळ आणि आकडा नोट्समध्ये टाका. "त्यांना बरं वाटत नाहीये" यापेक्षा "नऊला १८ होता, आता २६ आहे, आणि मला ओळखत नाहीयेत" हे सिस्टरना जास्त उपयोगी पडतं. सरळ विचारा, "सेप्सिस तर नसेल ना?" त्यांना राग येईल म्हणून गप्प बसू नका. आणि आकडा नॉर्मल आला पण माणूस वेगळाच वाटतोय, तरी बोलवा. स्मार्टवॉचवर मात्र भरवसा ठेवू नका, बहुतेक घड्याळं आजार ओळखण्यासाठी बनवलेलीच नसतात.

लघवीची नळी असेल तर पिशवी कमरेच्या खालच्या पातळीला हवी, पण जमिनीला टेकलेली नको. रोज राउंडला विचारा, "नळी अजून लागणार आहे का?" जितके दिवस ती आत, तितका इन्फेक्शनचा धोका जास्त. डिस्चार्जनंतर घरी अशी लक्षणं दिसली तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा.

आणि हो, तुमचा फोन. हात धुऊन लगेच तोच फोन हातात घेतला तर धुतलेलं वाया गेलं. दिवसातून एकदा तरी तो बंद करून ७० टक्के अल्कोहोलच्या वाइपने पुसा, स्प्रे थेट मारू नका. पेशंटला हात लावायच्या आधी तो खिशात ठेवा आणि हात परत धुवा.