बोलक्या प्राण्यांची कादंबरी आणि वाचकांचे दुमत

जॉर्ज ऑर्वेल यांची ‘ॲनिमल फार्म’ ही छोटेखानी कादंबरी ऑगस्ट १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. जुलमी शेतमालकाला हाकलून प्राणी स्वतःचे राज्य स्थापतात आणि कालांतराने त्यांच्यातील डुकरेच नवे मालक होऊन बसतात, एवढेच तिचे कथानक. तरीही तिच्याविषयी वाचकांत एकमत नाही. कोणी तिला राजकीय उपरोधाचा आदर्श मानतात. कोणाला ती रशियन क्रांतीचे एकांगी रूपक वाटते. कष्टाळू बॉक्सर घोडा खाटकाच्या गाडीतून नेला जातो आणि अपराध्यांना शासन होत नाही, हा शेवट तर अनेकांना रुचत नाही.

या शेवटच्या आक्षेपाचे मूळ आपल्या वाचनसंस्कारात शोधता येते. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये इसापच्या नीतिकथा मराठीत आणल्या. पुढे शालेय पुस्तकांतून प्राण्यांची गोष्ट आणि तिच्या अखेरीचे तात्पर्य यांची सांगड पक्की झाली. दुष्टाला शिक्षा मिळालीच पाहिजे, ही अपेक्षा त्यातूनच दृढ झाली.

परंतु पंचतंत्रातील ‘मित्रभेद’ काय सांगते? दमनक हा कोल्हा पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्या मैत्रीत विष कालवतो. निरपराध संजीवक प्राणास मुकतो आणि दमनक मंत्रिपद भोगतो. आठव्या शतकातील ‘कलीला व दिम्ना’ या अरबी अवतारात मात्र दमनकाची चौकशी आणि शिक्षा सांगणारे प्रकरण जोडलेले आढळते. ‘ॲनिमल फार्म’वरील १९५४ च्या चित्रपटातही प्राणी अखेरीस डुकरांविरुद्ध उठतात. त्या चित्रपटामागे अमेरिकी गुप्तचर संस्थेचा पैसा होता. म्हणजे तेथे न्यायबुद्धीच्या जोडीला राजकारणही होते.

याहून निराळा अभिप्राय टी. एस. इलियट यांचा. १९४४ मध्ये प्रकाशनसंस्थेच्या वतीने हस्तलिखित नाकारताना, अधिक लोकहितदक्ष डुकरांची गरज आहे असे कोणी म्हणू शकेल, असे त्यांनी सुचविले. सज्जन राज्यकर्ता मिळाला की प्रश्न सुटतो काय, हा वाद तेथूनच सुरू होतो.

कादंबरीत याचे उत्तर धान्याच्या कोठाराच्या भिंतीवर आहे. तेथे लिहिलेले नियम एकामागून एक गुपचूप बदलले जातात. बहुतेक प्राण्यांना नीट वाचता येत नाही. ज्यांना शंका येते, त्यांना आपलीच आठवण चुकीची वाटू लागते. बेंजामिन गाढवाला मात्र उत्तम वाचता येते, पण तो गप्प राहतो. बॉक्सरला नेणाऱ्या गाडीवरील अक्षरे तो मोठ्याने वाचतो, तेव्हा वेळ टळून गेलेली असते.

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. दांडिया बाजारातील शाळेच्या व्यासपीठावरून या कादंबरीचा विचार करताना ही परंपरा ध्यानी घ्यावी. शाळा अक्षरओळख करून देते. वाचलेले वेळेवर बोलून दाखविण्याचे धैर्य ज्याचे त्याने मिळवायचे असते. ऑर्वेल यांनी डुकरांना शिक्षा केली नाही, कारण निवाडा त्यांनी वाचकावर सोपविला. शेवट कडू वाटणे ही त्या निवाड्याची पहिली पायरी होय.