वेगाचे गणित

सुरतेहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पारोळ्यावरून जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. त्याचा फागणे ते तरसोद हा टप्पा चौपदरी व्हावा म्हणून खानदेशाने वर्षानुवर्षे ओरड केली. ती रास्तच होती. अरुंद रस्त्यावरील समोरासमोरच्या टकरींनी या भागातील किती घरे उजाड केली, हे येथे नव्याने सांगावयास नको. परंतु रस्ता रुंद झाला की मोटारीचा वेगही वाढतो, आणि वेगाचे गणित आमच्या सुशिक्षित वर्गालाही उमगले आहे असे आम्हांस वाटत नाही.

हे गणित मॅट्रिकच्या पुस्तकातले आहे. गती दुप्पट झाली की गतिज ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. ताशी ५० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून खाली पडणे. ताशी १०० वेगाने आदळणे म्हणजे ३९ मीटरांवरून, अर्थात बारा-तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरून पडणे. पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्याच्या बुरुजावरून खाली डोकावताना ज्याचे पाय लटपटतात, तोच गृहस्थ मोटारीत बसून निर्धास्तपणे काटा शंभरावर नेतो!

याहून विलक्षण उदाहरण असे. दोन मोटारी शेजारी-शेजारी चालल्या आहेत, एकीचा वेग ८०, दुसरीचा १००. समोर बिनदिव्याची ट्रॉली दिसते. भान येऊन ब्रेकवर पाय पडण्यास दोघांनाही एक सेकंद लागतो. कोरड्या रस्त्यावर, उत्तम ब्रेक असताना, पहिली मोटार सुमारे ५८ मीटरांत थांबते. त्याच जागी दुसरीचा वेग किती उरलेला असतो? सामान्य माणूस वीस म्हणेल. वस्तुतः तो ६८ असतो! एकीत बसलेल्यांस केवळ दचका, दुसरीत बसलेल्यांस बहुधा मृत्यू.

मोटार थांबली म्हणजे आतला माणूस थांबला, असेही नव्हे. तो पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहतो. ताशी ५० वेगाच्या धडकेत मोटारीचे नाक अर्धा-पाऊण मीटर चेपते; पट्टा बांधलेला माणूस साधारण तेवढ्या अंतरात थांबतो, आणि साठ किलोच्या देहावर सुमारे एक टनाचा जोर येतो. तो सोसून माणसे जगली आहेत. पट्टा नसेल तर तोच देह समोरच्या बाकावर किंवा काचेवर आपटून दहा-एक सेंटिमीटरांत थांबतो व जोर सहा टनांच्या घरात जातो. मागच्या बाकावर पट्ट्याची गरज नाही, ही समजूत कोठून आली कोण जाणे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीनजीक सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. पुढचे दोघे जखमी होऊन वाचले; मागचे दोघे दगावले, व त्यांनी पट्टे बांधलेले नव्हते. मोटार स्वस्तातली मुळीच नव्हती.

अवजड वाहनांचा प्रश्न वेगळा आहे. उतारावर ब्रेक सगळी ऊर्जा उष्णतेत बदलतो, आणि फार तापला की त्याची पकडच जाते. म्हणून ट्रक खालच्या गिअरमध्येच उतरवावयाचा असतो. शिरपूर तालुक्यात पळासनेर येथे ४ जुलै २०२३ रोजी ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडकत थेट हॉटेलात घुसला आणि दहा माणसे प्राणास मुकली.

केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी सुमारे ७१ टक्क्यांचे कारण अतिवेग असे नोंदलेले आहे. पट्टा न बांधल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीने एक हजार रुपये दंड ठरविला, आणि मागच्या बाकावरील प्रवासीही त्यातून सुटत नाही. तथापि ज्या काळी-पिवळीत दहा-बारा माणसे कोंबली जातात, तिच्यात पट्टा कोणी आणि कोठे बांधावा? आणि कापसाच्या हंगामात रात्री महामार्गावर येणाऱ्या ट्रॉलीच्या पाठीस चकाकती पट्टी चिकटविण्यास असा कितीसा खर्च येतो? परिवहन खात्याने व बाजार समित्यांनी एवढे एक काम तरी यंदाच्या वेचणीपूर्वी उरकावे.