धृपद नसलेलं गाणं

लोकप्रिय गाणं रचणाऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही: ज्या शब्दानं गाणं ओळखलं जावं, तो ऐकणाऱ्याच्या कानांवर सारखा पडला पाहिजे. फिलिपिन्सच्या फ्रेडी अग्विलारनं ‘अनाक’, म्हणजे लेकरू, या गाण्यात तो शब्द एकदाच घेतला, तोही गाणं संपत आल्यावर. धृपद तर नाहीच. आणि हेच गाणं त्या देशाबाहेर सर्वांत दूरवर पोचलेल्या गाण्यांपैकी एक ठरलं!

१९७८ साली मनिलात लोकप्रिय संगीताच्या ‘मेट्रोपॉप’ महोत्सवाची पहिली स्पर्धा झाली. ‘अनाक’ अंतिम फेरीत आलं, पण पहिलं बक्षीस मिळालं रायन कायाब्याबच्या गाण्याला. आपलं संगीत किती सुंदर आहे, असं सांगणारं ते प्रसन्न गाणं होतं. परीक्षकांना नावं ठेवायचं कारण नाही, कायाब्याब पुढे फिलिपिन्सचा ‘राष्ट्रीय कलावंत’ झाला. फ्रेडीचा ‘अनाक’ हा पहिला अल्बम त्याच वर्षी आला.

गाण्यात घडतं काय? बाळ जन्मतं, आईबाप हरखतात. रात्री आई झोपमोड करून दूध कालवते, सकाळी बाप मांडीवर घेऊन बसतो. मूल मोठं होतं, हट्टी होतं, घरच्यांचं ऐकेनासं होतं, वाईट नादाला लागतं. शेवटी रडणाऱ्या आईपाशी येतं. ती विचारते, लेकरा, असा कसा रे झालास? तो एकुलता एक शब्द इथे, तिच्या तोंडी येतो. मुलाचे डोळे भरतात, चूक उमगते आणि गाणं संपतं. आई पुढे काय म्हणाली, ते नाहीच. माझ्या मते सगळी ताकद या अर्धवट सोडण्यात आहे.

हे सगळं ‘तू’ला उद्देशून सांगितलंय. खरं तर घर सोडून भरकटलेला मुलगा फ्रेडी स्वतःच. इंजिनिअरिंगचं शिक्षण अर्धवट टाकून तो गिटार घेऊन बाहेर पडला होता. पण गाण्यात तो ‘मी’ म्हणत नाही. तुझं असं झालं, मग तसं झालं, असं एखादा वडीलधारा समोर बसवून सांगेल तसं सांगतो.

अशी सांगण्याची रीत फिलिपिन्सला नवी नाही. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तिथे ‘पबासा’ होते. ख्रिस्ताच्या यातनांचं ‘पस्योन’ हे दीर्घकाव्य माणसं आळीपाळीनं गातात, कधी रात्रभर, कधी दिवसचे दिवस. कडवं पाच ओळींचं, ओळ आठ अक्षरांची, चाल मोजक्या स्वरांत फिरणारी. कथा पुढे सरकत राहते, म्हणून त्याच चालीचा कंटाळा येत नाही. गास्पार आकिनो दे बेलेनचं तागालोग पस्योन १७०४ सालचं. (त्याच्या बरंच आधी, १६१६मध्ये, फादर थॉमस स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत गोव्यात छापून झालं होतं. परक्या धर्माची कथा स्थानिक छंदात मुरवण्याची युक्ती दोन्हीकडे एकच.) ‘अनाक’च्या गायकीत तिथल्या अभ्यासकांना हेच पस्योन ऐकू येतं. वरून अमेरिकन फोकची गिटार, आत गावची कथा!

मग ‘अनाक’ परक्या भाषांत शिरलं यात नवल कमी वाटतं. जपानमध्ये सुगिता जिरो आणि काटो तोकिको यांनी ते जपानीत गायलं. आशिया-युरोपात आणखी कितीतरी भाषांत त्याची रूपं झाली.

या सांगणाऱ्या आवाजाचा लोकांनी पुढे वेगळाच उपयोग करून घेतला. १९२०च्या दशकात अमेरिकन सत्तेविरुद्ध लिहिलेलं ‘बायान को’ (माझा देश) हे गाणं हुकूमशहा मार्कोसच्या लष्करी कायद्याखाली जाहीरपणे गाणं म्हणजे तुरुंगाला आमंत्रण होतं. १९८६च्या फेब्रुवारीत मनिलाच्या एद्सा रस्त्यावर मार्कोसविरुद्ध लाखोंचा जमाव जमला, तेव्हा फ्रेडीनं तेच गायलं. त्याच महिन्यात मार्कोस देश सोडून हवाईला पळाला.