जनुकोपचारासाठी विषाणूंची शुद्धी
निरोगी जनुक पेशीत पोहोचवण्यासाठी बहुधा एएव्ही हा विषाणू वापरतात. त्याचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर. तो अनेकदा मानवी पेशींच्या संवर्धनात तयार करतात. पेशी फोडल्यावर त्याच्याबरोबर पेशींची प्रथिने आणि डीएनएचे तुकडेही द्रवात उतरतात. हा द्रव गाळून आप्तता-क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून सोडतात. स्तंभातील मण्यांवर अनेकदा उंटवर्गीय प्राण्यांच्या प्रतिपिंडांवरून घडवलेले छोटे प्रथिन-तुकडे असतात. ते विषाणूचे कवच धरून ठेवतात, बाकीचे वाहून जाते. नंतर आम्लधर्मी द्रावणाने विषाणू सोडवून ते द्रावण लगेच उदासीन करतात.

खरी कसोटी पुढे. बरीच कवचे जनुकाविना, रिकामीच असतात. त्यांनी रोग्याला गुण येत नाही, उलट प्रतिकारशक्ती विनाकारण चेतवली जाऊ शकते. रिकामे आणि भरलेले कवच आकाराने सारखेच, पण डीएनएमुळे भरलेल्या कवचाचा ऋणभार किंचित जास्त असतो. म्हणून ऋणायन-विनिमय स्तंभात ते अधिक घट्ट चिकटते. द्रावणातले क्षार हळूहळू वाढवले की सहसा रिकामी कवचे आधी सुटतात, भरलेली मागाहून. अतिवेगवान सेंट्रिफ्यूजने ही विभागणी अधिक चोख होते, पण मोठ्या उत्पादनात स्तंभच सोयीचे ठरतात.