नातवंडांवरून ओळखलेला अणू

युरेनियमचा अणुक्रमांक ९२. त्याच्या फार पुढची मूलद्रव्ये निसर्गात सापडत नाहीत, ती प्रयोगशाळेत घडवावी लागतात. रीत ऐकायला सोपी. जस्ताच्या अणुकेंद्रकात ३० प्रोटॉन, बिस्मथच्या ८३. दोन्ही एकजीव झाली की ११३. आमच्या बेसा भागातल्या शाळेतला चौथीचा मुलगाही ही बेरीज करील.

पण दोन्ही केंद्रके धनभारित, म्हणजे एकमेकांना दूर ढकलणारी. म्हणून जपानच्या रिकेन संस्थेत कोसुके मोरिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जस्ताची केंद्रके प्रकाशाच्या सुमारे एक दशांश वेगाने बिस्मथच्या पातळ थरावर सोडली. सप्टेंबर २००३ मध्ये सुरुवात झाली. मारा सेकंदाला अब्जावधी कणांचा, आणि हाती लागलेले अणू किती? तीन! जुलै २००४, एप्रिल २००५ आणि नंतर थेट ऑगस्ट २०१२. एवढा धीर सरकारी कचेरीत खेटे घालणाऱ्यालाही नसेल.

बरे, हा अणू सेकंदाच्या काही सहस्रांश भागातच मोडतो. मग तो ११३ क्रमांकाचाच, हे ठरवायचे कसे? तर त्याच्या वंशावळीवरून. अल्फा कण बाहेर पडला की दोन प्रोटॉन कमी होतात : १११, १०९, १०७ असे. प्रत्येक कणाची ऊर्जा आणि मधला काळ यंत्र टिपते. खाली कुठे आधीच माहीत असलेले केंद्रक भेटले, की उलटे मोजत मूळ पुरुषापर्यंत पोहोचता येते. पहिले दोन अणू चार पायऱ्या उतरून १०५ पाशी दुभंगले. आंतरराष्ट्रीय परीक्षकांना तेवढा पुरावा पुरेसा वाटला नाही. तिसरा सहा पायऱ्या उतरून १०१ पर्यंत गेला. रशियन-अमेरिकन गटाचाही दावा होता. पण डिसेंबर २०१५ मध्ये मान जपानला मिळाला आणि २०१६ मध्ये ‘निहोनियम’ हे नाव ठरले.

परीक्षक इतके काटेकोर का? १९९९ मध्ये अमेरिकेतील बर्कलेच्या प्रयोगशाळेने ११८वे मूलद्रव्य जाहीर केले. इतरांना ते मिळेना. २००१ मध्ये दावा मागे घेतला गेला आणि चौकशीत नोंदीच बनावट निघाल्या. अशी वंशावळ कागदावर रचताही येते, म्हणून एकाच्या शब्दावर मान्यता मिळत नाही.

आपल्याकडे मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहभागाने उभारलेला पेलेट्रॉन त्वरक आहे. तिथे नवे मूलद्रव्य घडलेले नाही. मात्र आदळलेली केंद्रके केव्हा एकजीव होतात आणि केव्हा त्याआधीच फुटून निघतात, याचा अभ्यास तिथे झाला आहे. जपानला नऊ वर्षांत तीनच अणू का मिळाले, त्याचे उत्तर बरेचसे या फुटण्यातच आहे.