साच्यात जपलेला पहाटेचा अर्धा तास

नवं काम आलं की आमच्याकडे पहिल्या सकाळी एकच कमांड चालवली जाते. टर्मिनल सहा प्रश्न विचारतं: प्रकल्पाचं नाव काय, लॉगिन ई-मेलने की मोबाइल नंबरने, पावत्या छापायच्या आहेत का, असे. उत्तरं दिली की मिनिटभरात एक फोल्डर उभं राहतं. त्यात डेटाबेसची जोडणी असते, लॉगिनचं पान असतं, चाचण्या असतात आणि सर्व्हरवर चढवायची स्क्रिप्टही असते. ग्राहकाच्या कामाची एक ओळही लिहिलेली नसताना ब्राउझरमध्ये चालतं पान दिसतं. पुण्यातल्या आमच्या पाच जणांच्या कंपनीने एवढ्या वर्षांत कमावलेली सर्वांत मोलाची वस्तू कोणती, असं कुणी विचारलं तर मी या फोल्डरकडे बोट दाखवेन.

याला स्टार्टर टेम्प्लेट म्हणतात, कुणी बॉयलरप्लेट म्हणतं. ऑफिसात आमच्या तोंडी 'साचा' हाच शब्द आहे. बॉयलरप्लेट हा शब्द छापखान्यातून आला. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला लहान गावांतल्या वृत्तपत्रांना तयार मजकुराच्या धातूच्या प्लेटा पाठवल्या जात. संपादकाने त्या तशाच छापायच्या, त्यातलं अक्षरही हलवायचं नाही. बॉयलरला लावतात तसल्या पत्र्यासारख्या त्या दिसत, म्हणून हे नाव पडलं. आमच्या साच्याला मात्र हे नाव शोभत नाही, कारण त्यातलं प्रत्येक अक्षर बदलता आलं पाहिजे, हीच त्याची पहिली अट आहे.

आमचा साचा जँगो या वेबसाइट बांधायच्या फ्रेमवर्कवर उभा आहे. योगायोग असा की जँगोचा जन्मही वृत्तपत्राच्या कचेरीतलाच. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड'मध्ये एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ साली त्याचं काम सुरू केलं आणि जुलै २००५मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. बातमीदारीची घाई त्याच्या रक्तात आहे. 'स्टार्टप्रोजेक्ट' म्हटलं की जँगो सहा फायली पुढ्यात ठेवतो आणि तेवढ्यावर साइट सुरू होते. या सहा फायलींतली सेटिंग्जची फाइल मी नव्या मुलांना ओळ न् ओळ वाचायला लावतो. कुठल्याही साच्यात तो बनवणाऱ्याचं गाव राहतं, हे तिच्यात दिसतं. वेळेचा पट्टा कुठला ते सांगितलंच नाही, तर जँगो आजही शिकागोचं घड्याळ धरतो. लॉरेन्सचं घड्याळही तेच. नव्या प्रकल्पाच्या फाइलमध्ये मात्र तो 'यूटीसी' लिहून देतो, म्हणजे जगाची प्रमाणवेळ. ती कुणावर अन्याय करत नाही असं वाटतं.

मलाही वाटलं होतं. आमचं एक जुनं काम कोल्हापूरकडच्या एका गावातल्या दूध संस्थेचं होतं. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) भरायचे, पावती काढायची आणि दहा दिवसांचं बिल करायचं. ते सुरू होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा सचिवांचा फोन आला, "साहेब, आजचं दूध कालच्या तारखेला पडालंय बघा." आम्ही दुपारी नोंद करून पाहिली, तर तारीख बरोबर. संध्याकाळी पाहिली, तरी बरोबर. ऑफिसात बसून हा दोष सापडणारच नव्हता. संकलन पहाटे पाचला सुरू होतं आणि भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. पाच ते साडेपाच या अर्ध्या तासात जो दूध घालेल, त्याचा दिवस आमच्या प्रोग्रामच्या लेखी उजाडलेलाच नसे. सगळ्यांच्या आधी किटली घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्यांच्याच बिलात घोळ झाला होता. ते हिशोब आम्ही कागदी वहीवरून हाताने दुरुस्त केले. ती लाज अजून गेलेली नाही.

त्या दिवशी साच्यात एक ओळ गेली: 'एशिया/कोलकाता'. डेटाबेसात वेळ आजही यूटीसीतच साठते आणि तेच योग्य आहे, पण 'आज' कधी सुरू होतो हे गावाच्या घड्याळाने ठरतं. ओळीसोबत एक चाचणीही गेली. ती पहाटे पाच वाजून दहा मिनिटांची नोंद करते आणि तारीख तपासते. आमचा प्रत्येक प्रकल्प, मग तो शाळेचा असो की दवाखान्याचा, ती चाचणी घेऊनच जन्माला येतो.

साच्याचा उपयोग विचारला की लोक वेळ वाचतो असं सांगतात. वाचतो, दोनेक दिवस नक्की वाचतात. पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यातली आठवण. माणसं नोकरी सोडून जातात आणि 'पुढच्या वेळी लक्षात ठेवू' असं म्हटलेलं पुढच्या वेळी कुणाच्याच लक्षात नसतं. साच्यात गेलेली गोष्ट राहते.

वापरकर्त्याच्या टेबलाचंच घ्या. जँगो स्वतःचं तयार टेबल देतो, त्यात लॉगिन 'युजरनेम'ने होतं. एका ग्राहकाने सहा महिन्यांनी सांगितलं, आमच्या लोकांना युजरनेम लक्षात राहत नाही, मोबाइल नंबर चालवा. तोवर ऑर्डरी, पावत्या, हजेरी अशी सगळी टेबलं त्या मूळ टेबलाला बांधली गेली होती. डेटाबेस भरल्यावर हे टेबल बदलणं फार अवघड जातं, असा इशारा जँगोच्या कागदपत्रांतच आहे. आम्ही तो वाचूनही पुढे गेलो होतो. आता साच्यात आमचा स्वतःचा वापरकर्ता असतो. दोन ओळींचा क्लास, आत नुसता 'पास', म्हणजे काहीच नाही. पण गरज पडेल तेव्हा भरायला जागा आपली असते.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर होती, कारण ती साच्यानेच घडवली. सुरुवातीला आमचा साचा म्हणजे जुनं फोल्डर कॉपी करून नाव बदलणं. जँगो प्रत्येक नव्या प्रकल्पासाठी एक गुप्त किल्ली तयार करतो. कुकीवरची सही, पासवर्ड बदलण्याच्या लिंकमधली सही या किल्लीच्या भरवशावर असते. कॉपीबरोबर किल्लीही कॉपी झाली. तीन ग्राहकांच्या तीन घरांना एकच कुलूप बसलं होतं, आणि ते आम्हाला कळलं ते दोन सर्व्हर शेजारी-शेजारी उघडले तेव्हा. नुकसान झालं नाही, पण त्या रात्री आम्ही तिन्ही किल्ल्या बदलूनच घरी गेलो.

हेरोकू या क्लाउड कंपनीच्या मंडळींनी २०११च्या सुमारास 'ट्वेल्व्ह-फॅक्टर अॅप' या नावाने जे नियम मांडले, त्यांतली एक कसोटी मला इथे फार मोलाची वाटते: तुमचा सगळा कोड या क्षणी जगापुढे उघडा केला, तर एखादं गुपित फुटेल का? साच्याला ही कसोटी दुप्पट कडक लावायला हवी, कारण त्याच्या पोटातलं गुपित प्रत्येक पिलात उतरतं.

या धड्यानंतर आम्ही कॉपी करणं सोडलं आणि कुकीकटरकडे वळलो. हे ऑड्री रॉय ग्रीनफेल्ड यांनी २०१३मध्ये सुरू केलेलं साधन. त्यात साच्याच्या फोल्डरचं नावच महिरपी कंसात लिहिलेली एक रिकामी जागा असते. प्रश्नाचं उत्तर दिलं की ती भरते. फोल्डर तयार झाल्यावर एक छोटी स्क्रिप्ट चालते आणि ताजी किल्ली घडवते. साच्यात किल्ली नाही, किल्ली घडवायची रीत आहे.

मग हाव सुटली. दुसऱ्या आवृत्तीत आम्ही पेमेंट, चॅट, नकाशे, सगळं भरलं आणि प्रश्न तेवीसवर गेले. नवा प्रकल्प सुरू करायचा म्हणजे आधी दोन दिवस नको ते काढून टाकायचं. एका शनिवारी बसून निम्म्याहून जास्त साचा खोडला. तेव्हापासून नियम असा की एखादी गोष्ट तीन प्रकल्पांत खरोखर लागली, तरच आत घ्यायची.

साच्याचं खरं दुखणं मात्र पुढे असतं. प्रकल्प तयार झाला की नाळ तुटते. साच्यात आज केलेली दुरुस्ती काल जन्मलेल्या प्रकल्पाला कळत नाही. फेसबुकने २०१६मध्ये आणलेल्या 'क्रिएट रिअॅक्ट अॅप' या तयार साच्याच्या साधनाने यावर उलटा उपाय केला होता: सगळी मांडणी एका पॅकेजच्या आत झाकून ठेवायची, म्हणजे पॅकेज बदललं की सगळ्यांना सुधारणा मिळते. ज्याला आत हात घालायचा असेल त्याच्यासाठी 'इजेक्ट' होतं, पण तिथून परत येता येत नसे. फेब्रुवारी २०२५मध्ये ते साधन अधिकृतपणे निवृत्त झालं. आम्ही आता कुकीकटरऐवजी कॉपियर हे साधन वापरतो. तो दिलेली उत्तरं प्रकल्पातल्या एका फाइलमध्ये टिपून ठेवतो आणि पुढे 'अपडेट' म्हटलं की साच्यातले नवे बदल जुन्या प्रकल्पात मिसळून देतो. दोघांनी एकच ओळ बदलली असेल तिथे खूण करून ठेवतो आणि निवड माणसावर सोडतो. काम किचकट आहे, पण नाळ शाबूत राहते.

गेल्या महिन्यात नव्याने रुजू झालेल्या मुलीने विचारलं, "सर, पावतीच्या चाचणीत 'किलो' आणि 'क्षीर' हे शब्द कशाला आहेत?" तिला कपाटातली एक जुनी छापील पावती काढून दाखवली. पीडीएफ बनवणारी काही साधनं देवनागरी अक्षरं जुळवत नाहीत, एकापुढे एक मांडत जातात. त्या पावतीवर 'किलो'मधली वेलांटी 'क'च्या मागे न बसता पुढे गेली होती आणि 'क्षीर'मधला 'क्ष' फुटून 'क्'ला उघडा हलन्त लागला होता. तिने पावती बराच वेळ पाहिली, मग तिच्या आजोबांचं नाव कागदावर लिहून म्हणाली, हे नीट छापलं जाईल? आम्ही चालवून पाहिलं, नीट छापलं गेलं. चाचणीच्या यादीत आता तिसरा शब्द आहे, 'त्र्यंबक'.