अंतःपुरातली तुरटी

राजवाड्यातल्या कारस्थानांवर मालिका कोरियात झाल्या, तुर्कस्तानात झाल्या, आपल्याकडेही झाल्या. पण हे राजकारण वस्तूंमधून सांगण्याची कला चिनी मालिकांइतकी कुणाला साधलेली नाही, असं माझं ठाम मत आहे. छिंग घराण्याच्या जनानखान्यात मनातलं बोलणं जिवावर बेतायचं. मग बोलण्याचं काम वस्त्रं, धूप, दागिने यांच्यावर येतं आणि कॅमेऱ्याचं फावतं.

दिग्दर्शक झेंग श्याओलोंग यांची २०११ची ७६ भागांची 'झेन हुआन' घ्या. समारंभाच्या दिवशीच नायिकेचा पोशाख फाटलेला निघतो आणि तिच्या अंगावर दुसरा चढवला जातो. तो असतो सम्राटाच्या दिवंगत, लाडक्या पट्टराणीचा. सम्राटाची नजर पडते आणि संपलंच सगळं. विद्यमान पट्टराणीला तोंड उघडावंही लागत नाही. पुढे मुलाचा बाप कोण हे ठरवायला वाडग्यात रक्ताचे थेंब सोडतात. पाण्यात तुरटी असल्यामुळे कुणाचंही रक्त कुणाच्याही रक्तात मिसळतं! सगळ्यात क्रूर आहे तो हुआ राणीचा धूप. सम्राटाची खास भेट म्हणून ती तो मिरवते. त्यात कस्तुरी असते, तिला कधीच मूल होऊ नये म्हणून. कितीतरी भाग तो तिच्या महालात दरवळत राहतो. खरं कळतं तेव्हा ती भिंतीवर डोकं आपटून जीव देते.

२०१८च्या उन्हाळ्यात तर गंमतच झाली. 'यानशी पॅलेस' आणि 'रुयी' या दोन्ही मालिका सम्राट छिएनलोंगच्याच दरबारातल्या, आणि महिन्याभराच्या अंतरानं आल्या. एकीची नायिका ती दुसरीची खलनायिका. दोन्हींतल्या केस कापण्याच्या प्रसंगाचंच पाहा. इतिहासातली नारा पट्टराणी, म्हणजेच 'रुयी'ची नायिका, १७६५च्या दक्षिण दौऱ्यात सम्राटाच्या मर्जीतून उतरली. तिनं स्वतःचे केस कापले होते, आणि छिंग राज्यकर्त्यांच्या मांचू रिवाजात ते सुतकातच कापायचे. पुढच्याच वर्षी ती वारली. पट्टराणीचा अंत्यविधीही तिच्या वाट्याला आला नाही. 'यानशी'त ही कात्री वेडाची खूण आहे. 'रुयी'त अभिनेत्री झोऊ शून तेच केस कापते तेव्हा नवरा जिवंत असूनही तिच्यापुरता मेलेला असतो.

देखणेपणात 'यानशी' सरस, यात वाद नाही. राखाडी छटांचे मंद रंग, मांचू रीतीप्रमाणे एकेका कानात तीन-तीन डूल, सोन्याऐवजी रेशमी धाग्यांची लवदार फुलं माळणारी सम्राटाची पहिली पट्टराणी फुचा. पण नायिका प्रत्येक डाव इतक्या चटकन उलटवते की ते डूल नुसते पाहायचे उरतात. 'रुयी' ८७ भागांची, जड आणि काही ठिकाणी कंटाळवाणीही.

जानेवारी २०१९मध्ये 'बीजिंग डेली' या दैनिकानं या मालिकांवर ऐश्वर्याचं उदात्तीकरण केल्याचा ठपका ठेवला आणि वाहिन्यांनी त्यांची पुनःप्रक्षेपणं आवरती घेतली. ठपका 'यानशी'ला थोडाफार लागू पडेल, 'झेन हुआन'ला मुळीच नाही. तिथे सगळं वैभव माणसं मारायच्या कामी येतं. एकच पाहायची असेल तर तीच पाहा, आणि पहिल्या दहा भागांत नावांचा गोंधळ झाला म्हणून सोडू नका.